रात्री कमी पडणारं टर्बाइन: पात्यांवरच्या भारातून वारा मोजण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पठाराच्या कडेवर टर्बाइनची एक रांग उभी आहे. त्यातलं एक टर्बाइन रात्रीच्या वेळी शेजारच्या टर्बाइनपेक्षा सातत्याने कमी वीज देत होतं. दिवसा फरक जाणवत नव्हता. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत आणि यंत्राची मापं गोल आकड्यांत दिली आहेत. रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा, व्यास 120 मीटर, हबची, म्हणजे त्या चक्राच्या मध्याची, उंची 90 मीटर. म्हणजे पात्याचं टोक वर जाताना जमिनीपासून 150 मीटरवर असतं आणि खाली येताना 30 मीटरवर.

अशा टर्बाइनला वारा कळतो तो नॅसेलच्या, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या यंत्रपेटीच्या, छतावर बसवलेल्या दोन छोट्या उपकरणांमुळे: वेग मोजणारं अ‍ॅनिमोमीटर आणि दिशा सांगणारं व्हेन. दोन्ही रोटरच्या मागे असतात. त्यांच्यापर्यंत पोचणारा वारा पात्यांतून गाळून, मंदावून आणि थोडा पिळवटून आलेला असतो. वेगासाठी दुरुस्तीचं सूत्र वापरतात आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचं 61400-12-2 हे मानक त्यासाठीच आहे. पण ती सगळी दुरुस्ती एका बिंदूवरच्या मोजणीची. रोटरने व्यापलेल्या 11 हजार चौरस मीटरहून जास्त क्षेत्रात वर काय चाललंय, खाली काय, डावीकडे काय, याची त्या उपकरणांना खबर नसते.

या टर्बाइनच्या तिन्ही पात्यांच्या मुळाशी मात्र ऑप्टिकल फायबरचे स्ट्रेन, म्हणजे ताण, मोजणारे सेन्सर होते. प्रत्येक पातं वेगवेगळ्या कोनात वळवून भार कमी करण्याची सोय यंत्रात होती, तिच्यासाठी ते बसवले होते. ती सोय इथे कधी चालू केलीच नव्हती. पुढच्या कामाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट ठरली, कारण ती चालू असती तर पात्यांच्या भारातला जो चढउतार वाऱ्याबद्दल सांगतो, तोच तिने पुसून टाकला असता.

प्रश्न

काही महिन्यांपूर्वी देखभालीत या टर्बाइनचं व्हेन बदललं होतं. त्यामुळे सगळ्यांचं उत्तर तयार होतं: व्हेन वाकडं बसलंय, नॅसेल वाऱ्याला नीट सामोरं राहत नाही, म्हणून वीज कमी. नॅसेल आणि वारा यांच्यातल्या या कोनाला यॉ एरर म्हणतात. वीज साधारणपणे त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने ते घनाने घटते असं धरलं जातं. 10 अंशांच्या एररला 3 ते 4.5 टक्के तोटा. आकडा पटण्याजोगा होता.

पण वाकडं व्हेन रात्रंदिवस वाकडंच असतं. मग दिवसा तोटा का दिसत नाही? हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला होता आणि त्याला उत्तरही मिळालं: इथे दिवसा वारा जोरात असतो, टर्बाइन पूर्ण क्षमतेजवळ चालतं, तिथे थोडा वारा वाया गेला तरी वीज तेवढीच राहते. उत्तर चुकीचं नव्हतं, पण सोयीचं होतं, आणि त्यामुळे मूळ प्रश्न तिथेच मिटला. माझ्या मते पुढच्या निम्म्या घोळाचं मूळ या बैठकीत आहे.

समोरचे पर्याय

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे माणूस वर पाठवून व्हेन सैल करायचं, पुन्हा जुळवायचं आणि बघायचं. पण एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक दहा मिनिटांच्या सरासरीतून दिसायला बरेच आठवडे लागतात, आणि फरक दिसला नाही तर कारण काय होतं हे कायमचं अंधारात राहतं.

वाऱ्याचा मास्ट, म्हणजे मोजणीची उपकरणं लावलेला उंच खांब, उभारणं हा पाठ्यपुस्तकी मार्ग. आयईसी 61400-12-1 प्रमाणे मास्ट रोटरच्या व्यासाच्या दोन ते चार पट अंतरावर हवा. इथे 240 ते 480 मीटर. पण पठाराच्या कडेवर एवढ्या अंतरात वारा बदलतो. तो बदल मोजायची रीत म्हणजे टर्बाइन उभं राहण्याआधी त्याच जागी दुसरा मास्ट लावणं. टर्बाइन उभं राहून वर्षं झाली होती, तेव्हा तो मार्ग बंदच होता.

नॅसेलवर पुढे पाहणारं लायडार, म्हणजे लेझरच्या किरणांनी दुरून वारा मोजणारं यंत्र, बसवणं हा सरळ उपाय वाटतो आणि बऱ्याच ठिकाणी तो खराच सरळ असतो. दोन किरणांचं लायडार डावीकडचा आणि उजवीकडचा वेग मोजतं आणि दोन्हीकडे वारा सारखाच आहे असं गृहीत धरून दिशा काढतं. एक किरण शेजारच्या टर्बाइनच्या वेकमध्ये, म्हणजे मागच्या मंद आणि खळबळलेल्या हवेत, आणि दुसरा मोकळ्या वाऱ्यात असला, तर यंत्र बिनदिक्कत खोटा यॉ एरर दाखवतं. रांगेतल्या टर्बाइनला हा धोका मोठा.

उरला चौथा पर्याय: पात्यांवरचा भार. सेन्सर आधीपासून होते, माहिती साठत होती, कोणी पाहत नव्हतं. भारावरून वारा काढायचा आणि जमिनीवरून वर पाहणारं एक लायडार काही आठवडे भाड्याने आणून उंचीनुसार वारा कसा बदलतो तेवढंच तपासून घ्यायचं, असं ठरलं. निर्णय योग्यच होता. फक्त तो घेताना, काम महिन्याभरात उरकेल असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

भार काय सांगतो

पातं एका फेऱ्यात वरच्या हवेतून, बाजूच्या हवेतून आणि खालच्या हवेतून जातं. प्रत्येक ठिकाणी वारा वेगळा, म्हणून पात्याच्या मुळाशी येणारं वाकण वेगळं. सरासरी वाकणावरून रोटरवरचा सरासरी वेग कळतो, आणि एका फेऱ्यात एकदा होणाऱ्या चढउतारावरून वाऱ्यातली असमानता. तिन्ही पात्यांचे सिग्नल पात्याच्या त्या क्षणीच्या कोनानुसार एकत्र केले, ज्याला कोलमन रूपांतर म्हणतात, तर दोन आकडे हाती येतात: एक वर-खालच्या फरकाचा, दुसरा डाव्या-उजव्या फरकाचा.

इथपर्यंत सोपं आहे. अडचण अशी की वाऱ्यातल्या अज्ञात गोष्टी चार आहेत: उंचीनुसार वेग बदलणं म्हणजे उभा शिअर, डावी-उजवीकडे बदलणं म्हणजे आडवा शिअर, यॉ एरर, आणि कडेवरून वर चढणारा वारा. आकडे दोन, अज्ञात चार.

त्यातही जोड्या अशा लागतात की वाटतं त्याच्या नेमकं उलट. यॉ एररमुळे डाव्या-उजव्यात फरक पडेल असं कोणालाही वाटेल. पण वर असलेलं पातं आडवं सरकत असतं. वारा तिरका आला की त्याचा आडवा घटक वरच्या पात्याच्या वेगात मिळतो आणि खालच्या पात्याच्या वेगातून वजा होतो, किंवा याच्या उलट. म्हणजे यॉ एररची मुख्य खूण वर-खाली उमटते, नेमकी उभ्या शिअरच्या जागी. एका बाजूला थोडं वळलेलं टर्बाइन शिअरमुळे होणारं पात्याचं हेलकावणं कमी करतं आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच वळलेलं वाढवतं, ते याचमुळे. तसाच चढता वारा आडव्या शिअरच्या जागी बसतो.

दोन्ही खुणांचं बळही सारखं नाही. हबच्या उंचीवर सेकंदाला 8 मीटर वारा आहे असं धरू. स्थिर रात्री शिअरचा घातांक (उंचीबरोबर वेग किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा आकडा) 0.4 असला, तर वरच्या टोकाला वारा 9.8 आणि खालच्या टोकाला 5.2, जवळजवळ दुप्पट. दिवसा हवा घुसळलेली असताना घातांक 0.1 असेल, तर वर 8.4 आणि खाली 7.2. आता 8 अंशांचा यॉ एरर घ्या. आडवा घटक होतो सेकंदाला 1.1 मीटर. मिनिटाला 10 फेरे असताना पात्याचा तीन चतुर्थांश लांबीवरचा भाग सेकंदाला 47 मीटर वेगाने जातो, म्हणजे बदल सुमारे 2.4 टक्के. शिअरच्या मोठ्या आवाजात ही कुजबुज ऐकायची आहे. शिअरच्या अंदाजात थोडी चूक झाली की ती यॉ एररच्या खात्यात मोठी होऊन जमा होते.

सुटका होते ती पात्याच्या दुसऱ्या दिशेच्या वाकण्यामुळे. पातं वाऱ्याच्या दिशेने वाकतं, तसंच फिरण्याच्या दिशेनेही वाकतं. शिअर आणि यॉ एरर या दुसऱ्या वाकण्यावर वेगळ्या प्रमाणात परिणाम करतात. तिथून आणखी दोन आकडे मिळतात आणि चार अज्ञातांना चार समीकरणं होतात. पण फिरण्याच्या दिशेतलं वाकण गुरुत्वाकर्षणाने भरलेलं असतं. पातं 10 टनांचं आणि त्याचा गुरुत्वमध्य मुळापासून 18 मीटरवर धरला, तर ते आडवं असताना मुळाशी सुमारे 1.8 मेगान्यूटन-मीटरचं वळण पडतं, एकदा एका बाजूला आणि अर्ध्या फेऱ्यानंतर दुसऱ्या बाजूला. वाऱ्यातल्या असमानतेचा वाटा त्यात अंदाजे 0.1 मेगान्यूटन-मीटर. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिनेच गाडी अडवली.

सेन्सरची तपासणी

फायबरच्या सेन्सरला तापमानही ताणासारखंच दिसतं. 1550 नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीतल्या एक दशलक्षांश बदलाला) सुमारे 1.2 पिकोमीटर सरकते आणि एका अंश सेल्सिअसला सुमारे 10. म्हणजे पात्याच्या पोकळीत हवा एका अंशाने तापली की सेन्सरला आठेक मायक्रोस्ट्रेनचा भास होतो. दिवस-रात्रीचा फरक शोधायचा असताना तापमानाची दुरुस्ती सोडून चालत नाही. ती इथे झाली.

कॅलिब्रेशनला गुरुत्वाकर्षणच वापरलं. वारा नसताना टर्बाइन मिनिटाला सुमारे 2 फेऱ्यांनी रेंगाळत फिरतं. पाती 90 अंशांत वळवलेली असली की गुरुत्वाचं वळण वाऱ्याच्या दिशेने वाकणाऱ्या बाजूवर येतं आणि कामाच्या स्थितीत असली की दुसऱ्या बाजूवर. पात्याचं वजन ठाऊक असल्याने दोन्ही बाजूंच्या सेन्सरचं प्रमाण ठरवता येतं. याच चाचणीत गुरुत्वाची लाट पातं नेमकं आडवं असताना शिखरावर येते का, तेही पाहिलं. फरक एका अंशाच्या आसपास निघाला आणि तो दुर्लक्षित केला गेला.

हवेची घनता स्थानिक दाब आणि तापमानावरून घेतली. भार घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या गुणाकारात असतो, त्यामुळे घनतेत 10 टक्के चूक झाली की वेगात 5 टक्के. समुद्रसपाटीची घनता, घनमीटरला 1.225 किलो, वापरून पठारावरचा वारा काढणारे हिशेब मी पाहिले आहेत, म्हणून हा उल्लेख.

पहिला आकडा, पहिला वाद

भाराचं वाऱ्यात रूपांतर करणारं गणित कसं बांधायचं यावर दोन मतं होती. एकाचं म्हणणं, न्यूरल नेटवर्क शिकवू. पण शिकवायला खरं उत्तर लागतं, आणि हाताशी असलेलं उत्तर म्हणजे तेच संशयित व्हेन. नेटवर्क व्हेनचा वाकडेपणा मन लावून शिकलं असतं. हा प्रस्ताव लवकर बाजूला पडला, ते बरं झालं.

दुसरा मार्ग भौतिकीचा. वाऱ्यातल्या चार गोष्टी आणि भारातले चार आकडे यांच्यात वेगानुसार बदलणारं रेषीय नातं आहे असं धरायचं. शिअरचे गुणक जमिनीवरच्या लायडारशी जुळवून काढले. आडवा शिअर कोणी मोजत नव्हतं, पण त्याची गरजही पडली नाही: रोटर गोल आहे, उभा शिअर 90 अंशांत फिरवला की तोच आडवा शिअर होतो, गुणक तेच. सगळ्या कामातली मला सर्वांत आवडलेली जागा ही. यॉ एरर आणि चढता वारा यांचंही एकमेकांशी असंच नातं आहे. पण यॉचा मूळ गुणक मिळवायला यॉ एरर ठाऊक हवा, आणि तो तर शोधायचा होता. तेव्हा याच आकाराच्या सर्वसाधारण टर्बाइनच्या संगणकीय प्रतिकृतीतून तो उसना घेतला. या यंत्राच्या निर्मात्याचं मॉडेल मालकाकडे नसतं, सहसा मिळतही नाही.

यॉ एररचा पहिला अंदाज आला: रात्री 9 अंश, दिवसा 7.

चालवणाऱ्या टीमला हवं ते मिळालं. 9 अंशांची दुरुस्ती कंट्रोलरमध्ये आजच घाला, असा आग्रह झाला. आकडेमोड करणाऱ्यांपैकी एका इंजिनिअरने सही द्यायला नकार दिला. कारण एकच सांगितलं: वाकडं बसवलेलं व्हेन रात्री 2 अंश जास्त वाकडं होत नाही. त्यावर उत्तर आलं की रोटरमागचा पीळ यंत्राच्या स्थितीनुसार बदलतो, व्हेन त्या पिळात असतं, 2 अंशांचा फरक पडू शकतो. हेही खरं आहे. दोन्ही बाजूंना पटण्याजोगी कारणं असताना नकारावर ठाम राहणं सोपं नव्हतं. शेवटी ठरलं की दुरुस्ती थांबवायची, पण दोन आठवड्यांत एकतर आकडा सिद्ध करायचा किंवा तो घालायचा.

दहाव्या हिश्श्याचा सेकंद

गुरुत्वाच्या लाटेचं शिखर कुठे येतं हे या वेळी रेंगाळताना न बघता टर्बाइन चालू असताना, वेगवेगळ्या फेऱ्यांना पाहिलं. मिनिटाला 8 फेऱ्यांना शिखर जवळपास 5 अंश उशिरा, 12 फेऱ्यांना 7 अंशांहून थोडं जास्त. उशीर फेऱ्यांच्या प्रमाणात वाढत होता. कोन मोजणारा एन्कोडर चुकीच्या शून्यावर बसला असता, तर फरक सगळ्या वेगांना सारखाच आला असता. वेगाबरोबर वाढणारा कोन म्हणजे वेळेतला उशीर. 10 फेऱ्यांना रोटर सेकंदाला 60 अंश फिरतो. 6 अंश म्हणजे 0.1 सेकंद.

स्ट्रेनची नोंद एका लॉगरमध्ये होत होती आणि कोनाची कंट्रोलरमध्ये. दोन्हींच्या घड्याळांत तेवढा फरक होता. 2 फेऱ्यांना तो फक्त 1.2 अंश दिसतो, म्हणून रेंगाळत केलेल्या चाचणीत तो निसटला.

0.1 सेकंद म्हणजे किरकोळ वाटेल. पण 8 फेऱ्यांनाही 1.8 मेगान्यूटन-मीटरच्या गुरुत्वाच्या लाटेतला 5 अंशांचा साइन, म्हणजे सुमारे 0.15 मेगान्यूटन-मीटर, वजाबाकीनंतरही वर-खालच्या आकड्यात शिल्लक राहत होता. वाऱ्याचा तिथला एकूण वाटाच 0.1 च्या घरातला. रात्री वारा कमी, म्हणून वाऱ्याचा सिग्नल लहान आणि उरलेलं गुरुत्व त्या मानाने मोठं, दिवसा उलट. दिवस-रात्रीच्या 2 अंशांच्या फरकाचा बराचसा खुलासा इथेच झाला. घड्याळं जुळवल्यावर दोन्ही वेळचा अंदाज साडेपाच अंशांच्या आसपास आला.

मुद्दाम तिरकं उभं करणं

उसना गुणक अजून शिल्लक होता. टर्बाइनचा खरा यॉ एरर कोणालाच ठाऊक नव्हता, पण ते मुद्दाम किती वळवलं हे यॉ एन्कोडरवरून पक्कं कळतं. निरपेक्ष आकडा नसला तरी बदल मोजता येतो, आणि गुणक काढायला बदल पुरेसा असतो.

यासाठी मालकाची परवानगी लागली. तिरक्या उभ्या टर्बाइनवर भार वाढतो, वीजही बुडते. चाचणी मध्यम वाऱ्यात, मोकळ्या दिशेकडून वारा असताना, 10 अंश एका बाजूला, मग सरळ, मग 10 अंश दुसऱ्या बाजूला, अशी पाळीपाळीने करायची असं ठरलं. दहा मिनिटांची सरासरी इथे कामाची नाही, कारण 10 फेऱ्यांच्या गतीने त्या वेळेत पातं 100 वेळा फिरून जातं आणि फेऱ्यातला चढउतार सरासरीत मिटतो. मूळ नोंदी सेकंदाला 10 या दराने, प्रत्येक 6 अंशांना एक, वापरल्या.

निकाल स्वच्छ होता. टर्बाइन 10 अंश वळलं की अंदाज 12 म्हणत होता, दोन्ही बाजूंना. प्रतिकृती यॉचा परिणाम खऱ्यापेक्षा कमी धरत होती, म्हणून तेवढ्याच भाराला मोठा कोन निघत होता. गुणक सुधारल्यावर यॉ एरर रात्री आणि दिवसा सारखाच साडेचार अंश आला.

आता सुरुवातीच्या 9 अंशांकडे पाहा. ती दुरुस्ती तेव्हाच घातली असती, तर टर्बाइन साडेचार अंश विरुद्ध बाजूला तिरकं झालं असतं. तोटा पहिल्याइतकाच. आठवडाभराने आलेख बघून सगळ्यांनी म्हटलं असतं, व्हेनचा काही संबंध नव्हता.

मग रात्रीचं काय?

साडेचार अंशांचा तोटा एक टक्काही भरत नाही. रात्रीची तूट त्याहून कितीतरी मोठी होती. म्हणजे पहिल्या बैठकीत मिटवलेला प्रश्न परत टेबलावर आला.

उत्तर त्याच नोंदींत पडलं होतं. यॉ एररवर सगळ्यांचं लक्ष असताना डाव्या-उजव्या फरकाचा आकडा कोणी फारसा बघितला नव्हता. रोटरचे चार भाग करून प्रत्येक भागातून जाणाऱ्या पात्याच्या वाकण्यावरून तिथला वेग काढला. तीन पाती असल्याने 10 फेऱ्यांच्या गतीला प्रत्येक भागाचा वेग दर 2 सेकंदांनी ताजा मिळतो. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे मांडल्यावर दिसलं की एका अरुंद दिशापट्ट्यात डावा भाग उजव्यापेक्षा बराच मंद आहे, आणि तसं मुख्यतः रात्री होतं. त्याच पट्ट्यात, वारा येतो त्या बाजूला, रांगेतलं शेजारचं टर्बाइन होतं. त्याचा वेक या रोटरच्या अर्ध्या भागावरून जात होता.

दिवसा खालून तापणारी हवा वेक लवकर विस्कटून टाकते. रात्री हवेचे थर स्थिर असतात, खळबळ कमी असते, वेक लांबवर अखंड टिकतो. रात्री त्या दिशेचा वारा इथे जास्त वाहतो, हे दिशांच्या नोंदींत आधीपासून होतं.

तरी पक्कं करायला हवं होतं, कारण चढता वाराही याच आकड्यात मिसळतो आणि टर्बाइन कडेवर आहे. सरळ उपाय म्हणजे शेजारचं टर्बाइन काही रात्री बंद ठेवणं. त्याचा तोटा ठरलेला. त्याऐवजी शेजारचं टर्बाइन देखभालीसाठी किंवा बिघाडामुळे आधीच बंद होतं अशा रात्री जुन्या नोंदींतून शोधल्या. त्यातून दिशा आणि वेग जुळणारे तास थोडेच निघाले आणि यावर पुन्हा मतभेद झाले: एवढे पुरेत का? मी पुरेत म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. कारण शेजारी बंद असताना डाव्या-उजव्या भागातला फरक नुसता कमी झाला नव्हता, जवळजवळ गेला होता, आणि चढता वारा शेजारचं यंत्र बंद केल्याने थांबत नाही.

निष्पत्ती

व्हेनची साडेचार अंशांची दुरुस्ती घातली. नंतर भारावरून काढलेला यॉ एरर शून्याच्या आसपास राहिला. विजेच्या नोंदींत सुधारणा जेमतेम दिसते. अपेक्षाही तेवढीच होती.

रात्रीची तूट तशीच आहे. शेजारचं टर्बाइन थोडं तिरकं उभं करून त्याचा वेक बाजूला ढकलण्याचा विचार झाला. पण त्याच्या पात्यांवर सेन्सर नाहीत, आणि तिरकं उभं राहिल्याने त्याच्यावर पडणारा वाढीव भार मोजायची सोय नाही. मालकाने नको म्हटलं. या टर्बाइनकडून रात्री किती वीज अपेक्षित धरायची तो आकडा मात्र बदलला, त्यामुळे दर महिन्याची बिघाडाची तक्रार बंद झाली. अर्ध्या रोटरवरचा वेक पात्यांना प्रत्येक फेऱ्यात एक झटका देतो, म्हणून पात्यांच्या मुळाशी असलेले बोल्ट आणि बेअरिंग यांची तपासणी आधीपेक्षा लवकर ठेवली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. मुद्दाम वळवण्याची चाचणी सगळ्यात आधी घेता आली असती. ती एकच चाचणी यॉचा गुणक देते आणि उसन्या मॉडेलची गरज संपवते. ती मागे पडली, कारण तिला परवानगी लागत होती आणि संगणकीय प्रतिकृतीला लागत नव्हती.

घड्याळांची जुळणी पूर्ण वेगाला तपासायला हवी होती. रेंगाळत्या फेऱ्यांना कॅलिब्रेशन करणं बरोबरच आहे, कारण तेव्हा वाऱ्याचा भार नसतो. पण वेळेतला उशीर तिथे लपतो. दोन लॉगर असतील तिथे गुरुत्वाच्या शिखराचा कोन फेऱ्यांविरुद्ध मांडून बघायला एक दुपार पुरते.

डावा-उजवा फरक पहिल्या दिवशीच दिशेप्रमाणे मांडला असता, तर वेक कदाचित आठवड्याभरात दिसला असता. मात्र घड्याळाची गफलत सापडण्याआधी त्या आलेखावर मीही विश्वास ठेवला नसता: रात्रीच्या जोरदार उभ्या शिअरचा सुमारे 10 टक्के भाग 6 अंशांच्या चुकीमुळे डाव्या-उजव्या आकड्यात पाझरतो, आणि तो पाझरही रात्रीच जास्त. खरा वेक आणि हा पाझर वेगळे ओळखता येतात ते दिशेवरून. पाझर सगळ्या दिशांना दिसतो, वेक एकाच पट्ट्यात.

हीच पद्धत रांगेतल्या सेन्सर असलेल्या इतर टर्बाइनना लावायचं काम सुरू आहे. गुणक तेच चालतात, कारण यंत्रं एकाच बनावटीची. सेन्सरचं प्रमाण, तापमानाची दुरुस्ती आणि लॉगरचा उशीर मात्र प्रत्येक टर्बाइनवर वेगळा मोजावा लागतो. पुढे पात्यांच्या पुढच्या कडा झिजल्या की सरासरी वाकण आणि वेग यांचं नातंही सरकेल, तेव्हा वेगाचे गुणक पुन्हा काढावे लागतील.